किल्ली बदलायला किती मिनिटं? भाड्याच्या फ्लॅटसाठी कुलपांची पारख

हार्डवेअरच्या दुकानात कुलूप मागितलं की दुकानदार आधी ते हातात देतो आणि म्हणतो, ‘वजन बघा.’ स्वतः राहायच्या घरासाठी वजन बघायला हरकत नाही. भाड्याने दिलेल्या घराचं गणित वेगळं असतं. तिथे ११ महिन्यांनी किंवा फार तर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलतात. मधल्या काळात एक किल्ली कामवाल्या मावशींकडे जाते, एक रूममेटकडे, एक गावाहून परीक्षेला आलेल्या भावाकडे. जाताना भाडेकरू तीन दिलेल्या, तीन परत केलेल्या अशा चोख मोजून देतो आणि ते खरंही असतं. पण नाक्यावरच्या चावीवाल्याने त्या तिनाच्या पाच कधी केल्या, हे मोजून कळत नाही.

म्हणून या पारखीत प्रत्येक कुलपाला एकच प्रश्न आधी विचारला आहे. भाडेकरू गेल्यावर जुन्या सगळ्या किल्ल्या निकामी करायला किती मिनिटं आणि किती रुपये लागतात? मजबुतीचा नंबर त्यानंतर. पुणे, ठाणे, नाशिककडच्या सोसायट्यांत सर्रास दिसणारा फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवला आहे. बाहेर जाळीचं सेफ्टी डोअर, आत लाकडी फ्लश डोअर. खाली दिलेल्या किमती साधारण आहेत, शहर आणि दुकानाप्रमाणे मागे-पुढे होतील.

नाइट लॅच

बहुतेक घरांत हेच असतं आणि बिल्डरही हेच लावून देतो. दाराच्या आतल्या बाजूला पेटी, बाहेर फक्त किल्लीचं गोल तोंड. दार ओढलं की आपोआप लागतं. किंमत साधारण १,२०० पासून ५,००० पर्यंत. तीन बोल्टवाली, म्हणजे चौकटीत शिरणाऱ्या तीन दांड्यांची, मॉडेल वरच्या टोकाला.

आपल्याकडे लॅच म्हटलं की तोंडात गोदरेजच येतं, आणि तेही साहजिक आहे. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत, लालबागला, धंदा सुरू केला तोच कुलपांचा. इतक्या चालत्या नावाचा घरमालकाला फायदा असा, की सुटे भाग आणि माहीतगार माणूस कुठेही मिळतो. तोटाही त्यातच आहे. साध्या करवती दातांच्या किल्लीचा कोरा तुकडा प्रत्येक चावीवाल्याच्या खिळ्यावर लटकत असतो आणि पाच मिनिटांत डुप्लिकेट होते. सपाट, खड्डे पाडलेली, ज्याला दुकानात ‘कॉम्प्युटर की’ म्हणतात ती किल्ली बनवायला वेगळं मशीन लागतं. त्यामुळे डुप्लिकेट होतच नाही असं नाही, पण नाक्यावर सहज होत नाही. भाड्याच्या घरासाठी पाचशे-हजार जास्त मोजून हीच किल्ली घ्यावी. किल्लीवर ‘कॉपी करू नये’ असं कोरलेलं असतं, त्याला बाजारात कोणी विचारत नाही.

खोक्यावरची अक्षरं नीट वाचा. १सीके म्हणजे बाहेरून किल्ली, आतून नॉब. २सी म्हणजे दोन्हीकडून किल्ली. आतल्या लाकडी दाराला १सीकेच हवं. रात्री आग लागली किंवा गॅसचा वास आला, तर अंधारात किल्ली शोधत बसायची वेळ कोणावर येऊ नये. जाळीच्या सेफ्टी डोअरला मात्र उलटं. तिथे आत नॉब ठेवला, तर जाळीच्या चौकोनातून दोन बोटं घालून तो फिरवता येतो. पट्ट्यांमधलं अंतर मोजून बघा. लहान मुलाचा हात जात असेल तर तिथे २सी लावा आणि आतली किल्ली हात पोचणार नाही अशा खुंटीवर ठेवायला भाडेकरूला सांगा. अनेक घरांत नेमकं उलट बसवलेलं दिसतं, कारण सुताराने दोन खोकी उघडली आणि हाताला आलं ते लावलं.

आता किल्ली बदलण्याचा प्रश्न. लॅचचे दोन प्रकार आहेत. एकात बाहेरचा सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात घालतो तो गोल भाग, वेगळा असतो. आतली पेटी चार स्क्रू काढून उतरवायची. मागे एक पत्र्याची पट्टी दिसते, तिचे दोन लांब स्क्रू काढले की सिलिंडर बाहेरच्या बाजूने हातात येतो. नव्या सिलिंडरच्या मागची चपटी पट्टी आणि ते दोन लांब स्क्रू मुद्दाम जास्त लांब दिलेले असतात. त्यांच्यावर खाचा असतात. दाराच्या जाडीप्रमाणे पकडीने तिथे तोडायचं. पट्टी दाराच्या आतल्या बाजूला साधारण १० ते १२ मि.मी. बाहेर राहायला हवी. जास्त ठेवली तर पेटी दाराला टेकत नाही, कमी ठेवली तर किल्ली नुसतीच गरगर फिरते आणि बोल्ट हलत नाही. नवशिक्या सुताराची चूक नव्वद टक्के वेळा हीच. हे सगळं अर्ध्या तासाचं काम.

दुसऱ्या प्रकारात सिलिंडर पेटीचाच भाग असतो. तिथे किल्ली बदलायची म्हणजे अख्खं लॅच बदलायचं. नवीन पेटीची भोकं जुन्या भोकांवर बसली नाहीत तर दाराला आणखी चार छिद्रं पडतात. तीन भाडेकरूंनंतर त्या दाराची कड चाळणीसारखी दिसते आणि स्क्रू धरायला लाकूड उरत नाही. खरेदी करताना दुकानदाराला एवढंच विचारा: ‘याचा नुसता सिलिंडर सुटा मिळतो का, आणि आत्ता दुकानात आहे का?’ दोन्हीला ‘हो’ आलं नाही तर ते लॅच भाड्याच्या घरासाठी नको.

लॅचची दुसरी खोड सगळ्यांना माहीत आहे. भाडेकरू दुधाची पिशवी घ्यायला बाहेर येतो, बाल्कनीतून वारा येतो, दार धाडकन लागतं. मग रात्री साडेदहाला फोन घरमालकालाच. आत लॅच दाबून धरायची छोटी खिटी असते, ती घर दाखवताना एकदा फिरवून दाखवली तर यातले निम्मे फोन कमी होतात.

मॉर्टिस लॉक आणि युरो सिलिंडर

यालाच आमची पहिली पसंती. दाराच्या जाडीत खाच कोरून पेटी आत बसवतात, बाहेर हँडल आणि त्याखाली किल्लीचं तोंड. हे तोंड ज्या सुट्या, आरपार भागाला असतं तो युरो सिलिंडर. हँडलसकट संच २,५०० ते ६,००० पर्यंत जातो, बसवणावळ वेगळी, आणि कोरकाम करणारा सुतार चांगला हवा. पहिल्यांदा खर्च लॅचपेक्षा जास्त. पण पुढच्या प्रत्येक भाडेकरूला फक्त सिलिंडर बदलायचा असतो. तो ६०० ते १,५०० रुपयांत मिळतो आणि बदलायला सुतार लागत नाही.

दार उघडा आणि दाराच्या कडेची पितळी किंवा स्टीलची पट्टी बघा. सिलिंडरच्या उंचीवर एकच लांब स्क्रू असतो. तो पूर्ण काढायचा. आता सिलिंडर नुसता ओढला तर येणार नाही, कारण मधला दात खाली लोंबत असतो. किल्ली घालून अगदी थोडी, घड्याळातल्या दोन-तीन मिनिटांएवढी फिरवायची, एका हाताने हलकेच ओढत राहायचं. दात सिलिंडरच्या रेषेत आला की तो सुळकन बाहेर येतो. नवा तसाच आत सरकवायचा, स्क्रू आधी हाताने दोन-तीन आटे पकडवायचा, मग कसायचा. फार जोराने कसू नका; सिलिंडर वाकडा बसतो आणि किल्ली जड फिरते. दहा मिनिटं पुरतात. दार बंद करण्याआधी उघड्या दारातच किल्ली चार वेळा फिरवून बघायची.

गोंधळ होतो तो मापात. जुना सिलिंडर दुकानात घेऊन जाणं सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा. ३० आणि ३० असेल तर तो ६० मि.मी.चा, ३० आणि ४० असेल तर ७० चा, पण ३५-३५ चा ७० चालणार नाही. बाहेरच्या बाजूने सिलिंडर हँडलच्या पट्टीच्या २ ते ३ मि.मी.पेक्षा पुढे आलेला नसावा. त्याहून जास्त आला तर जाड पकडीने धरून पिळता येतो, आणि स्क्रूच्या भोकापाशी, जिथे धातू सर्वांत कमी असतो तिथे, तो तुटतो. दुकानात ‘थोडा मोठा घ्या, बसून जाईल’ असं सांगतात ते ऐकू नका.

आतून नॉब असलेला सिलिंडरच घ्या. दोन्हीकडे किल्लीच्या साध्या सिलिंडरमध्ये आत किल्ली अडकलेली राहिली, की बाहेरून दुसरी किल्ली जातच नाही. म्हणजे घरमालकाकडची जादा किल्ली हवी तेव्हाच कुचकामी.

यात दोन अडचणी आहेत. एक, दाराची जाडी. बऱ्याच फ्लॅटचं फ्लश डोअर ३० किंवा ३२ मि.मी. असतं. त्यात पेटीसाठी १५-१६ मि.मी. रुंद खाच कोरली की दोन्हीकडे आठेक मि.मी. लाकूड उरतं आणि जोरात लाथ बसली तर दार तिथेच चिरतं. ३५ पासून पुढच्या जाडीलाच मॉर्टिस लावावं. दुसरी, हँडल. वर्ष-दीड वर्षात ते लोंबायला लागतं. बहुतेक वेळा हँडलखालचा बारीक ॲलन स्क्रू (षटकोनी खाचेचा) सैल झालेला असतो. तो कसला की झालं. तरी लोंबत असेल तर आतली स्प्रिंग गेली.

ज्याच्याकडे एकाहून जास्त फ्लॅट आहेत त्याच्यासाठी तर युरो सिलिंडरला पर्यायच नाही. सगळ्या दारांना एकाच मापाचे सिलिंडर लावायचे आणि एक जास्तीचा घरात ठेवायचा. तीन फ्लॅट, चार सिलिंडर. पहिला फ्लॅट रिकामा झाला की जादाचा तिथे, तिथला काढलेला पुढे दुसरा फ्लॅट रिकामा होईल तेव्हा त्याला. जुन्या भाडेकरूकडे चुकून किल्ली राहिली असेल, तरी ती कोणत्या दाराची झाली हे त्याला कळायचा मार्ग नाही. नवा खर्च शून्य. तीन फ्लॅट एकाच मजल्यावर असतील तर मात्र हा खेळ करू नये. तिथे नवा सिलिंडरच विकत घ्यावा.

कडी-कोयंडा आणि टाळं

चाळीतल्या खोल्या, गावाकडचे वाडे, दुकानाचे गाळे, विद्यार्थ्यांना दिलेल्या खोल्या. इथे अल्ड्रॉप (दाराची आडवी सरकती कडी) आणि टाळं अजून चालतं आणि आमच्या मते त्याची उगाच हेटाळणी होते. किल्ली बदलायच्या प्रश्नाचं सर्वांत स्वस्त उत्तर हेच आहे: भाडेकरू स्वतःचं टाळं आणतो, जाताना घेऊन जातो. खर्च शून्य, वेळ शून्य, आणि ‘तुमच्याकडे किल्ली होती’ हा आरोपही नाही.

बिघाड टाळ्यात नसतो, कोयंड्यात असतो. गोदरेजच्या नवतालसारखं सात लिव्हरचं भक्कम टाळं लावायचं आणि कोयंडा मात्र पाऊण इंची चार स्क्रूंवर, हे दृश्य घरोघरी. पहारीने एक हिसका दिला की टाळं शाबूत राहतं आणि कोयंडा लाकडासकट निघतो. कोयंड्याला आरपार बोल्ट हवेत, गोल डोक्याची बाजू बाहेर, नट आणि वायसर आत. दार पातळ असेल तर आतून तीन-चार इंचाची लोखंडी पट्टी टाकून त्यावर नट कसावा. टाळं घेताना कडीची दांडी कोयंड्याच्या भोकात जेमतेम मावेल एवढी जाड घ्या. जागा सैल राहिली की तिथेच पहार शिरते.

वापरात एक धोका आहे. एक रूममेट आत झोपलेला असताना दुसरा बाहेरून टाळं लावून कामाला जातो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांत हे नेहमी घडतं. तिथे टाळ्याऐवजी लॅच किंवा मॉर्टिस हवं.

डिजिटल लॉक

आयटीवाले भाडेकरू मिळतात म्हणून हिंजवडी, बाणेर, वाकड भागात घरमालक हे आवर्जून बसवतात. किल्ली बदलायच्या कसोटीवर कागदावर हे पहिलं यावं: जुना पिन, बोटांचे ठसे, कार्ड पुसून टाका, झालं. किंमत ८,००० पासून २५,००० पर्यंत. प्रत्यक्षात गुण कापले जातात ते बाकीच्या ठिकाणी.

सर्वांत आधी टेप घेऊन मोजायची ती जागा म्हणजे लाकडी दार आणि सेफ्टी डोअर यांच्यातलं अंतर. डिजिटल लॉकचं हँडल दारापासून सहा-सात सेंटिमीटर बाहेर येतं. दोन दारांमध्ये तेवढी जागा नसेल तर हँडल जाळीला टेकतं आणि बाहेरचं दार बंदच होत नाही. हे लॉक बसवून झाल्यावर कळतं, तोपर्यंत दाराला मनगटाएवढं भोक पडलेलं असतं. दाराची जाडीही बघा. बहुतेकांना किमान ३५ ते ३८ मि.मी. लागते. आणि एकदा हे भोक पडलं की पुन्हा साध्या लॅचवर जायचं तर मोठी स्टीलची पट्टी मारून झाकावं लागतं.

दुसरं, ॲपचं मूळ खातं कोणाच्या नंबरवर आहे? अनेकदा बसवायला आलेला माणूस त्या वेळी घरात असलेल्या भाडेकरूच्या मोबाइलवर नोंदणी करून निघून जातो. भाडेकरू गेला, नंबर बदलला, आणि मालक बाहेर. मूळ खातं मालकाचं, भाडेकरू त्यात पाहुणा सदस्य, असंच हवं. पण मग दार कधी उघडलं, कोणाच्या बोटाने उघडलं याची नोंद मालकाच्या फोनवर येत राहते. भाडेकरूला हे आधी स्पष्ट सांगा, नोंदींच्या सूचना बंद ठेवा. एखादी मुलगी एकटी राहत असेल आणि ती रात्री किती वाजता घरी आली हे घरमालकाला दिसत असेल, तर तिने ते लॉक नाकारणं अगदी रास्त आहे.

भाडेकरू जाताना क्रम असा ठेवा: तो समोर असतानाच लॉकच्या ॲपमधून त्याला काढा, मग ठसे आणि कार्ड पुसा, मग मास्टर पिन बदला, शेवटी लोखंडी किल्ल्या मोजून घ्या. ही शेवटची पायरी सगळे विसरतात. जवळजवळ प्रत्येक डिजिटल लॉकला आणीबाणीसाठी झाकणाखाली एक साधी किल्ली असते. पिन बदलून ती किल्ली बदलत नाही. म्हणजे जुनी किल्ली कोणाकडे राहिली असेल तर एवढ्या महागाच्या लॉकची मजबुती त्या साध्या सिलिंडरएवढीच.

सेल बहुधा चार किंवा आठ, पेन्सिल सेल, अल्कलाइनच. चार्ज होणारे १.२ व्होल्टचे घातले तर सूचना चुकीची येते. सहा महिने ते वर्ष टिकतात. फ्लॅट दोन-तीन महिने रिकामा राहणार असेल तर अधूनमधून उघडून बघा, कारण संपलेले सेल आतल्या आत गळतात आणि संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात. पूर्ण बंद पडलं तर बाहेरच्या बाजूला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची जागा किंवा यूएसबीचं तोंड असतं. आणि ती लोखंडी किल्ली? ती बऱ्याच घरांत खोक्यासकट आतल्याच ड्रॉवरमध्ये सापडते.

किल्लीची पेटी

अलिबाग, दापोली, गोव्याकडे सुट्टीसाठी घर देणारे दाराबाहेर नंबरची छोटी पेटी लावतात. ८०० ते २,००० रुपये. चार चाकांची पेटी घ्या, तिचे १०,००० नंबर होतात. बटणं दाबायची पेटी दिसायला चांगली, पण त्यात बटणांचा क्रम मोजला जात नाही. दहा बटणांतली कोणतीही चार म्हटली तर सगळे मिळून २१० च जोड होतात. निवांत बसलेला माणूस तासाभरात उघडेल. शिवाय वापरातल्या चार बटणांवरचा रंग आधी उडतो. पेटी कुंडीला किंवा ग्रिलला लटकवू नका, भिंतीत चार फिशरवर (स्क्रू धरणारे प्लॅस्टिकचे गुल्ले) बसवा, आणि प्रत्येक पाहुण्यानंतर नंबर फिरवा. समुद्राजवळ लोखंडी पेटी एका पावसाळ्यात गंजून धरते. पितळ किंवा चांगलं स्टील हवं.

किल्ल्यांचा हिशेब

कुलूप कोणतंही असो, हा भाग ढिला असेल तर वरचा सगळा खर्च वाया. साध्या टू-बीएचकेत किल्ल्या किती होतात ते एकदा मोजा: मुख्य दार तीन, सेफ्टी डोअर तीन, बेडरूमच्या दोन, कपाटांच्या चार-पाच, खालच्या टपालपेटीची एक. करारनाम्याच्या सामानाच्या यादीत ‘किल्ल्यांचा संच १’ असं लिहितात, त्याला काही अर्थ नाही. कुलूपवार आकडा लिहा आणि हरवल्यास काय भरायचं तेही लिहा. एक किल्ली हरवली तर एका डुप्लिकेटचे शंभर रुपये भरून भागत नाही, सिलिंडरचा खर्च भरायचा, हे आधीच ठरलेलं बरं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात दारा-कपाटांची कुलपं बदलणं भाडेकरूच्या यादीत टाकलं आहे, पण महाराष्ट्रात व्यवहार चालतो तो १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यावर, त्यामुळे तुमच्या करारात काय लिहिलंय हेच कामाला येतं.

लेबलावर फ्लॅट नंबर कधीच लिहू नका. ए, बी, सी अशी खूण, आणि कोणती खूण कोणत्या दाराची ते वहीत. किल्लीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फोटोवरून दात मोजता येतात. एजंटला घर दाखवायला दिलेली किल्ली करार झाला त्या दिवशी परत घ्या, नाहीतर सिलिंडर एजंटने घर दाखवणं संपल्यानंतरच बदला.

मालकाने एक किल्ली ठेवावी का? पाइप फुटला, खालच्यांच्या छताला ओल आली, भाडेकरू दिवाळीला गावी, अशा वेळी ती लागते. ठेवायची तर जाड पाकिटात, बंद करून, चिकटवलेल्या जागेवर दोघांची सही आणि तारीख. उघडावं लागलं तर आधी फोन, मग मेसेज, मग नवं पाकीट. १९९९ च्या कायद्याचं कलम २८ मालकाला घर बघायचा हक्क देतं, पण आगाऊ सूचना देऊन आणि योग्य वेळी. भाडं थकलं म्हणून वरून टाळं ठोकणं तर मुळीच नको. बेकायदा बाहेर काढलेला माणूस विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागू शकतो. वॉचमनच्या टेबलाच्या खणात किल्ली ठेवायची पद्धत बंद करा, एजन्सी दर दोन-तीन महिन्यांनी माणूस बदलते.

भाडेकरूला स्वतःचा सिलिंडर लावायचा असेल तर लावू द्या. जुना काढून पिशवीत घालून त्याच्याचकडे ठेवायला सांगा, जाताना परत बसवून द्यायचा. यात मालकाचा काही तोटा नाही.

कुलूप बिघडलं असं वाटलं तर

पावसाळ्यात दहातल्या सात तक्रारी कुलपाच्या नसतात, दाराच्या असतात. पारख सोपी आहे: दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. मोकळी फिरली तर कुलूप चांगलं आहे, दार फुगलंय किंवा खाली उतरलंय. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू कसा. भोक सैल झालं असेल तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉल लावून भोकात ठोका, वाळल्यावर स्क्रू मारा. तरी अडत असेल तर बोल्टच्या टोकाला खडू घासा, दार लावा, चौकटीच्या पट्टीवर जिथे खडू उमटेल तिथे कानशीने एक-दोन मि.मी. घासा. भाडेकरू तोवर खांद्याने दार ढकलत किल्ली पिळत राहतो आणि किल्ली आतच मोडते. मोडलेला तुकडा ज्या स्थितीत किल्ली घालता-काढता येते त्याच स्थितीत निघतो, म्हणून आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या बारीक टोकाने तोंड सरळ करा, मग बारीक करवतीचं पातं कडेने सरकवून दातांत अडकवून ओढा. फेव्हिक्विकचा प्रयोग केलात तर सिलिंडर फेकावाच लागेल.

सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. पहिले आठ दिवस किल्ली लोण्यासारखी फिरते, मग धूळ चिकटून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड घाला, किंवा पेन्सिलचं शिसं किल्लीच्या दातांवर घासून दहा वेळा आत-बाहेर करा. डुप्लिकेट नेहमी कंपनीच्या मूळ किल्लीवरून करा. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट केली की प्रत्येक वेळी थोडा फरक वाढतो. म्हणून एक मूळ किल्ली कधी वापरातच आणायची नाही.

बेडरूमच्या गोल नॉबला बाहेरून किल्लीऐवजी बारीक भोक असेल, तर मूल आत अडकल्यावर सरळ केलेली पेपर क्लिप त्यात दाबली की दार उघडतं. हे भाडेकरूला सांगून ठेवा. कपाटांच्या किल्ल्या हरवल्या तर कुलपाच्या तोंडावर कोरलेला नंबर चावीवाल्याला सांगा, बऱ्याचदा तयार मिळते. टपालपेटीचं कुलूप शंभर-दीडशे रुपयांत नवं येतं, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

आणि रात्री चावीवाल्याला बोलवावंच लागलं, तर फोनवरच दर ठरवा आणि दार फोडायचं नाही, फक्त सिलिंडरला ड्रिल मारायचं असं बजावा. युरो सिलिंडर ड्रिल केला तर नुकसान त्या एका सिलिंडरचं, पेटी आणि दार शाबूत राहतं. भाडेकरूला समोर उभं करा, करारनाम्याचा फोटो चावीवाल्याला दाखवा. जो हा फोटो न बघताच दार उघडून देतो, त्याला पुन्हा बोलावू नका.